टक् की छक्?

आमच्या गाडीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्याच सकाळी त्याला नाव देऊन टाकले, आणि पुढचे दोन महिने त्या नावाने मला, माझ्या भाच्याला आणि सर्व्हिस सेंटरमधल्या दोन भल्या माणसांना चुकीच्या रस्त्याने फिरवले. नाव होते 'टकटक'. तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवल्यामुळे शब्द चटकन सुचतो, आणि सुचलेला शब्द बरोबरच असणार असे वाटण्याची खोडही त्याच व्यवसायात लागते.

ठाण्यात पातलीपाड्याला आमच्या इमारतीच्या तळघरात गाड्या उभ्या राहतात. जानेवारीतली सकाळ होती, गाडी आठवडाभर हललेली नव्हती आणि मला नौपाड्यात बहिणीकडे जायचे होते. किल्ली फिरवली, इंजिन सुरू झाले, आणि त्याच्या नेहमीच्या घुमण्यावर बसलेला एक वेगळाच, ठरावीक तालातला आवाज येऊ लागला. तळघराचे छत ठेंगणे आणि भिंती काँक्रीटच्या असल्यामुळे तिथे साधी शिंकसुद्धा मोठी होते. काच खाली केली, तर आवाज समोरच्या खांबावर आपटून परत येत होता. तीन-चार मिनिटांत तो पुसट झाला आणि उतरंड चढून वर आल्यावर तर ऐकूच येईना. मी तो विसरूनही गेले असते. पण त्या दिवसांत घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या कामासाठी मधोमध उंच पत्रे उभे केलेले होते. माझ्या बाजूची काच उघडीच होती. पत्र्यांच्या रांगेला लागून गाडी चालली की तो आवाज बारीकसा पुन्हा कानावर येई, रांगेत फट आली की तुटे आणि पुढचा पत्रा आला की परत जोडला जाई. म्हणजे तो गेलेला नव्हता. मोकळ्यावर तो पसरून जात होता, आणि मेट्रोचे पत्रे तेवढे प्रामाणिकपणे तो मला परत करत होते.

गाडी अकरा वर्षांची, पेट्रोलची, चार सिलिंडरची, बाराशे सीसीची. तोवर तिने कधी तक्रार केली नव्हती.

गाडीच्या दुखण्यांसाठी मराठीत शब्दांची ददात नाही. ज्यांना आपण अनुकरणवाचक शब्द म्हणतो आणि अभ्यस्त शब्दांच्या प्रकरणात अगदी शेवटी ज्यांची घाईने बोळवण करतो, ते शब्द गॅरेजमध्ये निदानाचे काम करत असतात. सैल पट्टा किंचाळतो. अल्टरनेटरचे किंवा पाण्याच्या पंपाचे बेअरिंग झिजू लागले की आधी गुणगुणते आणि मग घरघरू लागते. थंड इंजिन सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद काहीतरी खुळखुळले, तर टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरपर्यंत ऑइलचा दाब पोचायला वेळ लागतो आहे, अशी शंका घ्यायची. आणि चढावर जोर देताना खोलवरून हातोड्याने ठोकल्यासारखी धडधड आली, तर कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले असावे असे समजून गाडी तिथल्या तिथे बंद करायची. या शब्दांच्या स्वरांतही एक व्यवस्था असते. किणकिण, टिकटिक, चिवचिव यांतला इकार बारीक आणि हलक्या वस्तूंच्या वाट्याला आलेला. खणखण, टणटण जरा मोठ्या वस्तूंच्या. आणि धडधड, ढणढण यांत वजन व्यंजनातच भरलेले. वर्गात हे सांगत असे तेव्हा मागच्या बाकावरून हमखास एखादा नमुना सादर व्हायचा, आणि मी रागावल्यासारखे करून तो फळ्यावर लिहून घ्यायची.

तर माझ्या मते आमची गाडी टकटकत होती. 'टक' हा धातूवर धातू आपटल्याचा, कोरडा, लहान आवाज. माझा भाचा अभियंता आहे. त्याला फोनवर हे सांगितले तेव्हा तो क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, "मावशी, टॅपेट असणार." टॅपेट म्हणजे इंजिनातल्या झडपेला दाबणारा भाग. मग त्याने मला एक खुबीदार उद्योग सांगितला. मोबाइलवर दहा सेकंदांचा आवाज टिपून घ्यायचा, तो चौपट संथ करून ऐकायचा आणि ठोके मोजायचे. चार टप्प्यांच्या इंजिनात हवा-पेट्रोल आत ओढणे, दाबणे, पेटवणे आणि जळालेला वायू बाहेर टाकणे एवढी कामे क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांत पुरी होतात. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट म्हणूनच क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, आणि प्रत्येक झडप दोन फेऱ्यांतून एकदाच उघडते. थंड इंजिन सुरुवातीला जोरात फिरते, म्हणून मी फेऱ्यांचा काटा 900 च्या आसपास स्थिरावण्याची वाट पाहिली. आवाज तेव्हाही दबका का होईना, पण होता. मिनिटाला 900 फेरे म्हणजे सेकंदाला 15, त्याच्या निम्मे साडेसात, आणि दहा सेकंदांत 75. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, डोळे मिटून मी पेन्सिलीने रेघा ओढत गेले. रेघा भरल्या 74.

त्या 74 रेघांचा मला झालेला आनंद इथे लपवण्यात अर्थ नाही. ज्या गोष्टीतले आपल्याला काही कळत नाही असे आयुष्यभर गृहीत धरले, तिचे गणित आपल्या हाताने जुळले होते. क्रँकच्या पुलीशी किंवा फ्लायव्हीलशी निगडित आवाज फेऱ्यामागे एकदा यायला हवा. हा दोन फेऱ्यांमागे एकदा येत होता. म्हणजे हा झडपांच्या मजल्यावरचा रहिवासी. गणित बिनचूक होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा होता, कारण दोन फेऱ्यांतून एकदाच घडणारी आणखी एक गोष्ट सिलिंडरमध्ये असते, आणि ती वरच्याच वाक्यांत मी स्वतः लिहून गेले आहे.

सर्व्हिस सेंटरमध्ये मी 'टकटक' हा शब्द उच्चारला आणि सोबत रेघांचा कागदही दाखवला. समोरच्या तरुणाने तो आदराने पाहिला. गाडी पातलीपाड्याहून मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा असे सगळे सिग्नल खात आलेली, तेव्हा इंजिन चांगले तापलेले होते. आणि दवाखान्याची पायरी चढताच दाढ दुखायची थांबावी तसा आवाज बंद होता. त्यांनी बोनेट उघडून कान दिला, काही ऐकू आले नाही, आणि मग जे माझ्या तोंडून ऐकले होते त्याच्यावरच विसंबून काम केले. झडप आणि तिला दाबणारा भाग यांच्यामध्ये साधारण 0.15 ते 0.30 मिलिमीटरची फट ठेवावी लागते, कारण तापल्यावर झडपेचा दांडा लांबतो आणि फट नसेल तर ती पुरती मिटतच नाही. एक्झॉस्टची, म्हणजे जळालेला वायू बाहेर सोडणारी, झडप अधिक तापते म्हणून तिला फटही सहसा अधिक देतात. ही फट वाढली की टकटक येते. त्यांनी फीलर गेजने, म्हणजे फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी, सोळाही झडपांच्या फटी तपासल्या, दोन किंचित सैल निघाल्या, त्या बसवल्या, ऑइल बदलून थोडे जाड घातले आणि 4,800 रुपये घेतले. त्यांना दोष देणे मला जड जाते. अकरा वर्षांच्या कुठल्याही इंजिनात सोळांपैकी दोन झडपा किंचित सैल निघणारच, आणि ज्याचा शोध घ्यायचा ते सापडले की शोध थांबतो.

दुसऱ्या दिवशी तळघरात आवाज होता तसाच होता.

त्यानंतरच्या पाच-सहा आठवड्यांत गाडीने मला तीन वेळा खरे काय ते सांगितले, आणि तिन्ही वेळा मी माझ्या शब्दाच्या बाजूने उभी राहिले. एकदा आम्ही पाच माणसे आणि सामान घेऊन वसईला निघालो होतो. गायमुखच्या घाटात दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढत असताना, तापलेल्या इंजिनातून, तो आवाज पुन्हा स्पष्ट झाला आणि पाय सैल करताच विरला. टॅपेटला चढाउताराचे फारसे सोयरसुतक नसते. ते इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेले असते, ओझ्याशी नाही. हे मला आज कळते. तेव्हा मी एवढेच म्हणाले की, बघा, टॅपेट पुन्हा सैल झाले. दुसरी खूण पेट्रोलची होती: लिटरला पंधरा-सोळा किलोमीटर देणारी गाडी तेरावर आली, आणि मी तो दोष घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीला देऊन टाकला. ठाणेकराला हे स्पष्टीकरण नेहमीच हाताशी असते, आणि म्हणूनच ते घातक असते. तिसरी खूण वासाची. सकाळी सिग्नलला उभे असताना गाडीत अधूनमधून जळका, डोक्यात जाणारा वास यायचा. तो पुढच्या रिक्षाचा, असे मी ठरवले होते.

दत्तूभाऊंचे गॅरेज वागळे इस्टेटमध्ये आहे. (नाव बदलले आहे, त्यांना आवडले नसते.) 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींमध्ये या वसाहतीची गणना होते. आता तिथल्या कितीतरी कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या आहेत. पण आडबाजूच्या गाळ्यांतून अजून लेथ फिरतात, वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात, आणि एखादा भाग घासून, आटे पाडून, भोक बुजवून हवा असेल तर दोनशे पावलांत माणूस सापडतो. बहिणीच्या शेजाऱ्यांनी मला तिथे पाठवले. दत्तूभाऊ साठीच्या घरातले, चष्मा कपाळावर, बोलणे कमी. मी नेहमीप्रमाणे 'टकटक' म्हणून सुरुवात केली आणि रेघांचा कागद काढला. कागद त्यांनी पाहिला, घडी घालून मला परत दिला आणि विचारले, "ताई, टक् आहे का छक्?"

मला प्रश्न कळला नाही, असे मी म्हणाले.

"टक् म्हणजे लोखंडावर लोखंड. छक् म्हणजे हवा. सकाळी एकदा नीट ऐका. नाहीतर असं करा, गाडी रात्री इथंच ठेवून जा. गरम गाडी काय सांगणार?"

तर गाडी तिथे ठेवून मी रिक्षाने घरी आले आणि तो प्रश्न घेऊन रात्रभर जागी राहिले, कारण तो मला कळला नव्हता असे मुळीच नाही. तो प्रश्न माझा होता. ज्या वर्णांच्या उच्चारात हवेचा झोत बाहेर पडतो ते महाप्राण, ज्यांच्यात पडत नाही ते अल्पप्राण. शालेय व्याकरणात महाप्राण चौदा मोजतात, त्यांत ख-घ, छ-झ पासून फ-भ पर्यंतच्या दहा व्यंजनांबरोबर श, ष, स आणि ह हे निव्वळ फुंकरीचे वर्णही येतात. हे शिकवताना मी कागदाची बोटभर पट्टी विद्यार्थ्याच्या ओठांसमोर धरायला लावीत असे. 'प' म्हटले तर पट्टी जेमतेम हलते, 'फ' म्हटले की फडफडते. अर्थात 'फ' हा दोन्ही ओठ मिटून म्हणायला हवा. हल्ली पुष्कळ मुले तो खालच्या ओठावर दात टेकवून इंग्रजी पद्धतीने म्हणतात आणि पट्टीचा प्रयोग बिघडवतात, पण तो वेगळा विषय आहे. तीस वर्षांत किमान तीस वेळा तरी मी ही पट्टी फडफडवली असेन. आणि स्वतःच्या गाडीच्या आवाजात प्राण आहे की नाही, एवढे मात्र मी पाहिले नव्हते.

सकाळी साडेआठला मी गॅरेजवर पोचले, तेव्हा बोनेट उघडून ठेवलेले होते आणि इंजिन रात्रभर थंड झालेले होते. दत्तूभाऊंनी त्यांच्या हाताखालच्या पोऱ्याला, अक्षयला, स्टार्टर मारायला सांगितले. आवाज लगेच आला. या वेळी मी तो रिकाम्या मनाने ऐकायचा प्रयत्न केला, आणि आता लिहितानाही थोडी लाज वाटते इतका तो उघड होता. प्रत्येक ठोक्याची सुरुवात कडक होती, पण शेवट कडक नव्हता. शेवटी एक छोटी फुंकर होती. टक् असा तो तुटत नव्हता. छक्, छक्, छक्. ज्या ठाण्याला 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी आगगाडी आली, त्या गावातल्या माणसाला तरी हा आवाज ओळखता यायला हवा होता. वाफेचे इंजिन करीत असे तेही हेच: काम करून उरलेली वाफ सिलिंडरमधून सुटल्याचा झोत, दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा. लहान मुले त्याला 'झुकझुक' म्हणतात किंवा 'छुकछुक', दोन्हीकडे महाप्राण बिनचूक राखून. 'टुकटुक' म्हणणारे मूल मी पाहिलेले नाही.

दत्तूभाऊंनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचे टोक झडपांच्या झाकणावर टेकवले, मूठ कानाच्या मागच्या हाडाशी धरली आणि ऐकून मान हलवली. मलाही ऐकवले. आत शिवणयंत्राच्या कारखान्यासारखी एकसारखी बारीक टिकटिक चालू होती, सगळी एका मापाची, कुणी वेगळे नाही. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवून हातभर लांबीची रबरी नळी घेतली, एक तोंड कानाशी आणि दुसरे इंजिनाच्या मागच्या अंगाला हळूहळू सरकवत नेले. घन धातूतून येणारा आवाज दांडा आणून देतो. हवेत सुटलेला आवाज आणायला पोकळी लागते. पॅरिसमधल्या नेकेर रुग्णालयात रेने लाएनेक या डॉक्टरांनी 1816 साली कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकले आणि पुढे तिच्या जागी लाकडी नळकांडे केले, त्या नळकांड्याला काढता-घालता येणारे एक बूच होते: हृदय ऐकताना ते बसवायचे, श्वास ऐकताना काढून टाकायचे. दत्तूभाऊंना हे मी नंतर चहाच्या वेळी सांगितले. "बरोबर आहे," एवढेच ते म्हणाले, जणू लाएनेकसाहेबांनी त्यांच्याकडे उमेदवारी केली होती.

नळीचे तोंड चौथ्या सिलिंडरजवळ गेले तेव्हा त्यांनी डोके झटक्याने मागे घेतले आणि नळी माझ्या हातात दिली. कानात कुणीतरी थुंकल्यासारखा तो आवाज होता. त्यानंतर त्यांनी अक्षयला पेट्रोलचा फवारा सोडणाऱ्या इंजेक्टरच्या जोडण्या एकेक करून काढायला सांगितल्या, म्हणजे ज्याची जोडणी निघेल त्या सिलिंडरला पेट्रोल मिळणार नाही आणि तिथे स्फोट होणार नाही. पूर्वी प्लगची वायर उपटून हीच परीक्षा करीत. पण आता तसे केले तर न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब करू शकते, म्हणून पेट्रोलच बंद करायचे. पहिला, दुसरा, तिसरा काढला तेव्हा इंजिन अडखळले, पण छक् तसाच राहिला. चौथा काढला आणि छक् विझून तिथे नुसती पुसट फुस उरली. टॅपेट असते तर ते पेट्रोल मिळो न मिळो, वाजतच राहिले असते. जोडणी बसवली, छक् परत आला. एवढी स्वच्छ परीक्षा मी विद्यापीठातही पाहिलेली नाही.

शेवटी त्यांनी गणपतीच्या तसबिरीपुढची उदबत्ती उचलून आणली. रेडिएटरचा पंखा तापल्याशिवाय फिरत नाही, म्हणून बोनेटखाली हवा स्थिर होती. धुराची रेघ सरळ वर चढत होती. ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या टोकापाशी नेताच तिचे तुकडे पडू लागले, तालात, दोन फेऱ्यांना एक. माझी कागदाची पट्टी ती.

"स्टड तुटला असणार शेवटचा," दत्तूभाऊ म्हणाले. "गाडी बंद कर रे. आणि ताई, काचा बंद करून ए.सी. लावून फिरत होतात ना? यापुढं कधी असा वास आला तर आधी काच उघडायची, मग विचार करायचा."

ते काय म्हणत होते हे समजायला वेळ लागला नाही. मॅनिफोल्ड म्हणजे चारही सिलिंडरांतून निघणारा जळका वायू गोळा करून सायलेन्सरकडे नेणारे नळ्यांचे जोडकाम, आणि स्टड म्हणजे ते इंजिनाला पिळून धरणारा आट्यांचा दांडा. तिथे फट पडली की त्या वायूचा काही भाग बोनेटखालीच सुटतो आणि बाहेरची हवा आत घेणाऱ्या मार्गाने गाडीत शिरू शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला स्वतःचा वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मला जो वास येत होता तो त्याच्या सोबत्यांचा. पुढच्या रिक्षांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

पेट्रोलचाही उलगडा झाला. वायूचा झोत सुटल्यावर क्षणभर मागे ओढ निर्माण होते आणि त्याच फटीतून बाहेरची हवा थोडी आत शिरते. पुढे बसवलेला ऑक्सिजन सेन्सर या उपऱ्या हवेतला प्राणवायू मोजतो, इंजिनाला पेट्रोल कमी पडते आहे असे समजतो, आणि गाडीचा संगणक इमानेइतबारे जास्त पेट्रोल सोडू लागतो. अक्षयने मोबाइलला जोडलेल्या छोट्या स्कॅनरवर दाखवले: हा जादा पेट्रोलचा आकडा, ज्याला ते लोक फ्युएल ट्रिम म्हणतात, शून्याच्या चार-पाच टक्के इकडेतिकडे असायला हवा, तो अधिक 14 होता. एवढ्यावर डॅशबोर्डवरचा दिवा लागत नाही, म्हणून सर्व्हिस सेंटरच्या यंत्राने 'दोष नाही' असे सांगितले होते. संगणकालाही, म्हणजे, कुणीतरी चुकीचा शब्द सांगितला होता आणि तो त्याच्यावर विश्वासून वागत होता.

स्टड तुटतो का आणि शेवटचाच का, हे मी खोदून विचारले. दत्तूभाऊंचे उत्तर होते, "लोखंड फुगतं, ॲल्युमिनियम फुगतं, दोघांचं जमत नाही." घरी येऊन मी त्याचा ढोबळ हिशेब मांडला. पोलाद तापले की दर मीटरला, दर अंशाला मीटरच्या सुमारे 12 दशलक्षांशाने लांबते, ॲल्युमिनियम सुमारे 23 ने. मॅनिफोल्ड 35 सेंटीमीटरचा धरला आणि तो 500 अंशांनी तापला, तर 2 मिलिमीटरहून थोडा अधिक वाढतो. ज्या ॲल्युमिनियमच्या हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तो पिळून बसवलेला असतो, ते पाण्याने थंड राखलेले असल्यामुळे 75 अंशांनीच तापते आणि 0.6 मिलिमीटर वाढते. मधल्या स्टडना हा फरक फारसा जाणवत नाही. तो दोन्ही टोकांकडे साठत जातो, आणि टोकाचे स्टड रोज सकाळी एका बाजूला वाकतात, रोज रात्री सरळ होतात. तार वाकवून-वाकवून तोडतात, तसे. अकरा वर्षे वाकत राहिल्यावर तो तुटला यात त्याचा दोष काढवत नाही. तापल्यावर मॅनिफोल्ड फुगून फट बरीचशी दाबून टाकी, म्हणून आवाज मिटे. आणि गायमुखच्या चढावर वायूचा दाब वाढला की तो ती फट पुन्हा उघडी.

काम दोन दिवस चालले. मॅनिफोल्डवरचे पत्र्याचे आच्छादन काढले तेव्हा जोडाच्या टोकाला काजळीची एक काळी जीभ बाहेर आलेली दिसली. आच्छादन न काढता ती कुणालाच दिसली नसती. स्टड हेडच्या पृष्ठभागाशी अगदी सपाट तुटलेला होता, पक्कड लावायला काही शिल्लकच नाही. तिथे मला वाटले होते की ड्रिल मारतील. त्यांनी तसे केले नाही, कारण ड्रिल जरा सरकले तर मऊ ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि दोनशे रुपयांचे काम हेड उतरवण्यापर्यंत पोचते. बॅटरीच्या वायरी काढून ठेवल्या, तुटक्या स्टडवर एक नट धरला आणि नटाच्या पोटातून वेल्डिंग करून तो स्टडला जोडून टाकला. त्या उष्णतेने आजूबाजूचे ॲल्युमिनियम फुगून पकड सैल होते, आणि नट म्हणजे पाना लावायला हक्काची जागा. पहिला नट तुटला. दुसरा तुटला. तिसऱ्यांदा त्यांनी नट लाल असताना हात लावला नाही; तो काळा पडेपर्यंत थांबले, तेल सोडले आणि पाना पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे असा हलवत राहिले, अर्ध्या तासाहून अधिक. रस्त्यावर टेम्पो अडकून हॉर्न वाजत होते, शेजारच्या गाळ्यात ग्राइंडर चालू होता. स्टड निघाला तेव्हा दत्तूभाऊंनी तो माझ्या तळहातावर ठेवला. जेमतेम दीड सेंटीमीटरचा तुकडा, तुटलेल्या तोंडाची अर्धी बाजू जुनी, काळवंडलेली, अर्धी ताजी चकचकीत. अर्धा केव्हाच तुटला होता.

मॅनिफोल्डच्या तोंडावर सपाट पट्टी धरून पाहिले, तर टोकाकडे 0.4 मिलिमीटरची फीलरची पाती सहज आत जात होती. इतक्या वाकलेल्या तोंडावर नवीन गॅस्केट, म्हणजे जोडातली फट बुजवणारी पातळ चकती, टिकले नसते. पलीकडच्या गल्लीत सरफेस ग्राइंडरवर फेसिंग मारून, म्हणजे तोंड घासून सपाट करून, आणले. सातही स्टड नवे घातले, कारण बाकीचे सहा त्याच वयाचे होते. नट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, टॉर्क पान्याने, तीन फेऱ्यांत आवळले. बिल 6,200 रुपये झाले. त्यातले किती रुपये माझ्या 74 रेघांनी वाचवले असते, हे मी विचारले नाही.

तिसऱ्या सकाळी थंड इंजिन सुरू केले. छक् नव्हता. दत्तूभाऊंनी कानाला नळी लावली, उदबत्ती फिरवली, धुराची रेघ सरळ राहिली. आठवड्याने फ्युएल ट्रिम अधिक 2 वर आला होता.

त्यानंतर चारच दिवसांनी तळघरात मला एक नवाच आवाज ऐकू आला, बारीक, झपाट्याचा, एकसारखा. या वेळी मी भाच्याला फोन केला नाही. आधी पाच मिनिटे बोनेटशी उभी राहिले. तो पूर्ण कोरडा होता, शेवटी फुंकर नव्हती, इकार होता. मी दत्तूभाऊंना फोन लावून म्हणाले, "भाऊ, टिक् आहे. टक् नाही, छक् तर नाहीच. चारही सिलिंडरांवर सारखा. गरम झाल्यावरही जात नाही."

"इंजेक्टर," ते म्हणाले. "पहिल्यापासून वाजतायत. छक्मध्ये झाकले होते." पलीकडे काहीतरी ठोकण्याचा आवाज थांबला. "पाचशे किलोमीटर झाले की गाडी घेऊन या, नट परत आवळायचेत. आणि हो, थंड आणा."

पाचशे किलोमीटर व्हायला एप्रिल उजाडला. आदल्या संध्याकाळी गाडी नेऊन ठेवली आणि सकाळी पुन्हा रिक्षाने गेले. सातांपैकी पाच नट जागचे हलले नाहीत. सहावा किंचित हलला. चौथ्या सिलिंडरकडचा, टोकाचा, जवळजवळ अष्टमांश फेरा घेऊन मग थांबला. दत्तूभाऊंनी त्याच्यावर पांढऱ्या रंगाने एक रेघ मारून ठेवली, म्हणजे पुढच्या वेळी तो फिरला असेल तर कळेल.